‘गारवा’चा स्वीकार : श्रोता आणि समीक्षा

सौमित्र (किशोर कदम) यांचे शब्द आणि मिलिंद इंगळे यांचे संगीत व स्वर लाभलेला ‘गारवा’ हा अल्बम १९९०च्या दशकाच्या अखेरीस आला. गीतांच्या जोडीने येणारे कवीच्या आवाजातील काव्यवाचन हे त्याचे वेगळेपण होय. त्यामुळे सुटी गीते पावसाळी हुरहुरीच्या एका सलग मनोवस्थेत बांधली जातात. श्रोत्यांनी ही मनोवस्थाच आपली मानली.

२००२ साली ‘इंटरपोल’ या अमेरिकन बँडच्या उदास सुराच्या पहिल्या अल्बमला अनेक समीक्षकांनी ‘जॉय डिव्हिजन’च्या मापाने मोजले. ‘गारवा’लाही केवळ भावगीताचे माप लावल्यास शब्द व चाल यांचा सुटा हिशेब तेवढा हाती येतो, सलग अनुभव निसटतो. पूर्वसुरींचा शोध हा समीक्षेचा आरंभ असतो, निर्णय नव्हे.