आपापल्या जागी सगळेच बरोबर?

दशलक्षण पर्वात बस्तीत व्याख्यान असलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आइनस्टाईननं आपला अनेकांतवादच सिद्ध केला." काही वर्षांपूर्वी महिला मंडळात मीही ते ठोकून दिलं होतं. टाळ्याही मिळाल्या. घरी आल्यावर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या भाचीनं विचारलं, "मावशी, तू आइनस्टाईन वाचलायस?" नव्हता वाचला. मग तिनंच एक पातळसं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. गणित न येणाऱ्यांसाठी खुद्द आइनस्टाईननं लिहिलेलं, प्रस्तावनेखाली डिसेंबर १९१६ अशी तारीख. मूळ सिद्धांत त्यानं १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करताना मांडला होता.

त्यातलं रेल्वेचं उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं. रुळाला दोन लांबच्या ठिकाणी विजा पडतात. बरोबर मध्यावर जमिनीवर एक माणूस उभा आहे. दोन्हींचा प्रकाश त्याच्यापर्यंत एकदमच येतो, म्हणून तो म्हणतो, विजा एकाच वेळी पडल्या. आता रुळावरून गाडी चाललीय. तिच्यात, त्याच मध्यावर, एक प्रवासी बसलाय. गाडी पुढच्या विजेकडे धावतेय, म्हणून पुढचा प्रकाश त्याला आधी भेटतो, मागचा नंतर. तो म्हणतो, पुढची वीज आधी पडली.

इथं मी अडले. म्हटलं, यात काय मोठंसं? प्रवासी पुढं सरकला म्हणून त्याला आधी दिसलं, खरं तर विजा एकदमच पडल्या! भाची म्हणाली, "हे तू जमिनीवर उभी राहून बोलतेस. आता गाडीत बस." दोन्ही विजांचे डाग गाडीवरही उमटलेत असं समजा. प्रवासी फूटपट्टीनं मोजतो, तर दोन्ही डागांपासून तो सारख्याच अंतरावर. आणि प्रकाशाचा वेग त्यालाही दोन्हीकडून तेवढाच मिळतो, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. धावत्या गाडीतून पुढं फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेग मिळतो, प्रकाशाला मिळत नाही. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मोर्ले यांनी पृथ्वीच्या गतीमुळे पडायला हवा तो फरक शोधून पाहिला, सापडला नाही. मग अंतर सारखं, वेग सारखा, तरी एक प्रकाश आधी पोचला, तर ती वीज आधीच पडली असणार. हा प्रवाशाचा भास नाही, त्याचा हिशेब अगदी चोख आहे.

पुस्तकावर माझी तक्रार आहे ती इथंच. आइनस्टाईन गाडीची गोष्टसुद्धा जमिनीवरून सांगतो. 'प्रवासी पुढं धावतोय' हे वाक्यच मुळी जमिनीवरच्या माणसाचं. त्यामुळे वाचकाला वाटत राहतं, खरं ते जमिनीवरचं आणि गाडीतलं दिसण्यापुरतं. निवेदक जिथं उभा असतो, ती जागा आपोआप स्थिर ठरते. घरातही असंच असतं की. आधीपासून घरात असणाऱ्यांचं ते खरं आणि नव्यानं आलेल्या सुनेचं ते तिचं 'वाटणं'. आइनस्टाईननं एक पानभर तरी गाडीत बसून लिहायला हवं होतं.

पण मग 'सगळेच बरोबर' एवढंच हे पुस्तक सांगतं का? नाही. उलट त्याचा सगळा डोलारा प्रत्येकाला सारख्याच मिळणाऱ्या वेगावर उभा आहे. एकाच्या मापावरून दुसऱ्याचं माप काढायचा नेमका नियमही त्यात आहे. आपल्या गाड्यांत फरक किती पडेल? अर्धा किलोमीटर लांबीची गाडी ताशी १०० किलोमीटरनं गेली तरी सेकंदाचे साडेसहा लाख कोटी भाग करून त्यातला एक! शिवाय आधी-नंतरचा वाद फक्त अशाच घटनांचा, ज्यांच्यात एकीकडून दुसरीकडे प्रकाशही वेळेत पोचू शकत नाही. वीज पडली म्हणून झाड पेटलं, हा क्रम कुठल्याही गाडीतून पाहा, उलटत नाही.

हे वाचलं आणि मला एका नात्यातल्या घरची बैठक आठवली. नवऱ्यानं हात उगारला होता. मग ती ओरडली, माहेरी निघून आली. वडीलधारे म्हणाले, "तिचंही बरोबर, त्याचंही बरोबर. आपला धर्मच अनेकांताचा." मीही मान डोलावली होती. आधी काय झालं आणि त्यामुळे मग काय झालं, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही.

अनेकांतही हे शिकवत नाही, मैत्रिणींनो. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, 'एका विशिष्ट अपेक्षेनं'. घडा घडा म्हणून आहे, वस्त्र म्हणून नाही. अपेक्षा सांगितली की विधान पक्कं होतं, सैल नव्हे. आणि दुसरी बाजू नाकारणाऱ्या नयाला आपल्याकडे दुर्नय म्हणतात, म्हणजे चुकीचं असं काही असतंच.

तेव्हा आइनस्टाईननं अनेकांत सिद्ध केला, हे वाक्य मी मागं घेते. आचार्यांनी प्रकाशाचा वेग मोजला नव्हता. त्यानं त्यांचं काही कमी होत नाही. आइनस्टाईनचा विषय मोजमापाचा, आपला वस्तूच्या अनेक बाजूंचा. दोघांत साम्य एवढंच मला दिसतं, की बोलणाऱ्यानं आधी आपण कुठं उभे आहोत ते सांगावं. त्या बैठकीत मी कुठं बसले होते, ते मी आता सांगितलंय.