‘संस्कृतिसंक्रमण’ संज्ञेच्या मर्यादा : माजलगाव परिसरातील ऊसतोड पालकांच्या संदर्भात

स्थलांतरित आईबापांच्या मनावर येणाऱ्या ताणाची मीमांसा पाश्चात्त्य समाजशास्त्रात बहुधा ‘संस्कृतिसंक्रमण’ या संज्ञेच्या आधारे केली जाते. ही संज्ञा बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांस कितपत लागू पडते, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

भिन्न संस्कृतींच्या समूहांत सतत व प्रत्यक्ष संपर्क आल्याने त्यांपैकी एकाच्या अथवा दोहोंच्या मूळ संस्कृतीत जे बदल घडतात, ते म्हणजे संस्कृतिसंक्रमण, अशी व्याख्या रेडफील्ड, लिंटन व हर्सकोव्हिट्स यांनी १९३६ साली केली. पुढे जॉन बेरी यांनी या संपर्कातून व्यक्तीच्या मनावर पडणाऱ्या ताणाकडे लक्ष वेधले. अमेरिकेतील लॅटिन स्थलांतरितांसाठी सर्व्हांतेस, पादिया व साल्गादो दे स्नायडर यांनी १९९१ मध्ये जी प्रश्नावली सिद्ध केली, तीत पालकत्वाचा ताण हे एक स्वतंत्र अंग आहे. मुले शाळेत इंग्रजी लवकर शिकतात, आईबापांचे दुभाषे होतात आणि घरातील अधिकाराची उतरंड उलटी होते, हे लॅटिन कुटुंबांविषयीच्या अभ्यासांचे एक महत्त्वाचे निरीक्षण आहे.

आता माजलगावकडे वळू. सिंदफणेवरील धरणामुळे या तालुक्यात ऊस आला. जवळच तेलगावला साखर कारखानाही आहे. तथापि माजलगाव, धारूर, वडवणी या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. येथे संज्ञेची पहिली अडचण उभी राहते. कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या कुटुंबाची भाषा मराठीच असते. बोलीचा फरक पडतो, ‘बीडचे’ म्हणून वेगळेपणाने पाहिले जाते, परंतु मूल आईबापांच्या पुढे निघून गेले असे घडत नाही. घडते ते उलट : मूल शाळेतून सुटते आणि आईबापांच्या मागोमाग फडात पोहोचते.

या ताणाचे मूळ संस्कृतीत शोधण्यापेक्षा मजुरीच्या करारात शोधणे अधिक युक्त होय. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’स, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकटा माणूस हिशेबात ‘अर्धा कोयता’ धरला जातो. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. अमेरिकेने १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून करारावर जे शेतमजूर नेले, ते पुरुष होते. आई मुलांपाशी राहू शकत असे. येथे करारच दोघांना उचलून नेतो. मग मूल कोपीवर न्यावे की म्हातारीपाशी ठेवावे, हा प्रश्न दर हंगामास नव्याने पडतो. नेले तर दुसरे सत्र बुडते, लहानग्याला सांभाळण्यास थोरली मुलगी अडकते. ठेवले तर वयात आलेल्या मुलीची काळजी फडात झोप लागू देत नाही. बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. या आकड्यास कारणे अनेक आहेत. त्यांत ही काळजी नाही असे म्हणता येणार नाही.

याचा अर्थ ही संज्ञा सर्वस्वी टाकाऊ आहे असा नव्हे. कर्नाटकात गेलेल्या मुलास गावची शाळा कन्नड माध्यमाची मिळते. तेथे भाषेचा अडसर खराच. शिवाय १९९१ च्या त्या प्रश्नावलीने आर्थिक-व्यावसायिक ताण, सांस्कृतिक व कौटुंबिक संघर्षापासून वेगळा मोजला होता, हे विसरून चालणार नाही. दोष साधनाचा नसून, त्यातील एकच अंग उचलून सर्वत्र लावण्याचा आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. ताण संस्कृतीचा मानला की उपाय ‘जुळवून घेण्याचा’ निघतो आणि दोष पालकांच्या उदासीनतेवर जातो. कारखान्यावरील साखरशाळा मुलास आईबापांपाशी ठेवते, परंतु गावच्या शाळेपासून तोडते. गावातील हंगामी वसतिगृह शाळा टिकवते, परंतु ताटातूट पत्करते. दोन्ही उपाय उपयुक्त आहेत; पण दोहोंनीही करार जसाच्या तसा गृहीत धरला आहे. शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून अमलात आहे. तो मुलाच्या हक्काची ग्वाही देतो, उचलीविषयी मात्र मौन पाळतो.

म्हणून या परिसरात पालकांच्या ताणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘नव्या ठिकाणी तुम्ही रुळलात काय?’ हा नसावा. ‘उचल किती घेतली, ती फिटली काय, आणि मूल कोणापाशी आहे?’ हा असावा. भाषा, चालीरीती व मानापमान यांचे प्रश्न त्यानंतर यावेत. हा क्रम पाळला तर पाश्चात्त्य संज्ञेचा उपयोग होईल. न पाळल्यास कर्जाला संस्कृतीचे नाव दिल्यासारखे होईल.