शौचतपासणी आणि प्राधान्याचा प्रश्न : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संशय असलेल्या प्रत्येक रुग्णाची कोलोनोस्कोपी तातडीने करणे कोणत्याही आरोग्यव्यवस्थेस कठीण असते. कोणास आधी पाठवावे हे ठरविण्यासाठी इंग्लंडमध्ये 'फिट' या शौचतपासणीचा आधार घेतला जातो. 'नाइस' या तेथील संस्थेच्या ऑगस्ट २०२३ मधील शिफारशीनुसार एक ग्रॅम शौचात १० मायक्रोग्रॅम वा अधिक हिमोग्लोबिन आढळल्यास रुग्णास तातडीने पुढे पाठविले जाते. ही पद्धत सातारा व सांगली जिल्ह्यांत कितपत लागू पडते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

चाचणीचे बळ :
जुन्या ग्वायक चाचणीवर मांसाहाराचाही परिणाम होत असे. 'फिट' मात्र मानवी रक्तातील ग्लोबिनच ओळखते. जठरातून आलेले ग्लोबिन वाटेत बरेचसे पचून जात असल्याने निष्कर्ष मुख्यतः मोठ्या आतड्याकडे निर्देश करतो. इंग्लंडमधील ५० रुग्णालयांतील ९,८२२ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मर्यादेस सुमारे ९१ टक्के कर्करोग ओळखले गेले. त्या हिशेबाने हजार रुग्णांतील ३३ कर्करुग्णांपैकी ३० सापडतात, तीन निसटतात आणि कर्करोग नसलेल्या सुमारे १६० जणांनाही पुढे जावे लागते. मर्यादा खाली आणल्यास निसटणारे घटतात, पण रांग वाढते. म्हणजेच कोणती चूक किती सोसावयाची, याचा निर्णय या आकड्यात दडलेला आहे.

स्थानिक मर्यादा :
शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने बरेच कमी आढळते. त्यामुळे निरोगी लोकांच्या सरसकट चाळणीचे समर्थन येथे कठीण आहे. लक्षणे असलेल्यांतून निवड करणे हा मात्र वेगळा प्रश्न होय.

इंग्लंडमधील रुग्णाची एका डॉक्टरकडे नोंद असते व तोच त्यास पुढे पाठवितो. येथे रुग्ण स्वतःच दवाखाना निवडतो. शौचावाटे रक्त पडणे म्हणजे मूळव्याध, हा समजही रूढ आहे. भारतीय रुग्णांत गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय असून अनेक रुग्ण पन्नाशीच्या आतील असतात. अशा वेळी बोटाने केलेली साधी गुदतपासणी शौचतपासणीहून आधी यावयास हवी. गुदाशयात गाठ लागल्यास 'फिट'साठी थांबू नये, असे 'नाइस'चेही सांगणे आहे.

हवामानाचाही विचार आवश्यक ठरतो. उष्णतेने नमुन्यातील हिमोग्लोबिन विघटित होते. उन्हाळ्यात जत वा माण तालुक्यातून प्रयोगशाळेत उशिरा पोहोचलेला नमुना खोटा दिलासा देऊ शकतो.

निष्कर्ष :
प्राधान्य ठरविणारी चाचणी रांगेचे अस्तित्व गृहीत धरते. माण, आटपाडी वा जतच्या रुग्णाचा प्रश्न रांगेतील स्थानाचा नसून रांगेपर्यंत पोहोचण्याचा आहे. कराड-मिरजेचा प्रवास, बुडणारी मजुरी आणि मूळव्याधीचे निदान यांतच त्याचे महिने जातात. म्हणून गुदतपासणी, रक्तक्षयाची तपासणी व त्यानंतर 'फिट' असा क्रम ग्रामीण रुग्णालयांत रुजविणे, तसेच नकारात्मक अहवालानंतरही लक्षणे टिकल्यास रुग्णास पुन्हा बोलाविणे अगत्याचे आहे. तसे न झाल्यास ही चाचणी रुग्णास पुढे पाठविण्याऐवजी घरी पाठविण्याचे साधन ठरेल.