बचावाचे वाङ्मय

कबनुरात आम्ही राहतो त्या भागात यंत्रमागांचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत चालू असतो. त्या आवाजातच वाढलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी आम्हांस एक प्रश्न विचारला, आणि उभा जन्म पुस्तकांच्या संगतीत घालवूनही आम्हांस त्याचे उत्तर देता आले नाही. हा मुलगा हॉकीच्या संघात बॅकच्या जागी खेळतो. गेल्या हंगामात एका सामन्यात त्याच्या काठीखालून चेंडू निसटला व गोल झाला. तेव्हापासून प्रशिक्षक त्यास संघाबरोबर नेतात, परंतु मैदानात क्वचितच उतरवितात. "सर, बॅकवर लिहिलेलं एखादं पुस्तक आहे का? फॉरवर्डवर पुष्कळ आहेत," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपल्यासारखे कोणी पूर्वी होऊन गेले आहे काय, एवढेच त्यास जाणून घ्यावयाचे होते. वाङ्मयाकडे मनुष्य बहुधा याच कारणासाठी वळतो. म्हणून हा प्रश्न आम्ही क्रीडांगणावरचा न मानता टीकाशास्त्राचा मानतो.

प्रथम या जागेचे स्वरूप पाहू. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्या दहा विसरतात. बचाव करणाऱ्याने दहा हल्ले परतविले व अकरावा निसटला, तर लोकांच्या स्मरणात तो अकरावाच राहतो. एकाचे यश मोजता येते. दुसऱ्याचे यश म्हणजे न घडलेल्या गोष्टी, आणि न घडलेल्या गोष्टींची नोंद गुणफलकावर होत नाही. ती एकाच ठिकाणी होते, प्रशिक्षकाच्या मनात. त्या नोंदीसच आपण विश्वास म्हणतो. बॅकची सारी कमाई ती हीच.

हॉकीच्या नियमांतच या विश्वासाची एक कठोर कसोटी आहे. एरवी खेळ चालू असता प्रशिक्षक वाटेल तितक्या वेळा खेळाडू बदलू शकतो. परंतु पेनल्टी कॉर्नर दिला गेला की तो पुरा होईपर्यंत बदल करता येत नाही. अपवाद असलाच तर जायबंदी गोलरक्षकाचा. गोलरक्षक धरून अधिकाधिक पाच जण मागील रेषेच्या आड उभे राहतात, आणि चेंडू आत येताच त्यांपैकी एकजण मारणाऱ्याच्या अंगावर सरळ धावत जातो. त्या घटकेस प्रशिक्षकाचे हात बांधलेले असतात. जो मैदानात आहे त्याच्यावरच सारा भार. यास्तव नवख्या बॅकला उतरविताना प्रशिक्षक कचरतो, आणि उतरविल्यावाचून तर तो सिद्ध होत नाही. या पेचात नाट्य नाही असे कोण म्हणेल?

तरीही आमच्या कथाकारांस ते दिसलेले नाही. हॉकीवरील दोन गाजलेल्या हिंदी चित्रपटांचेच उदाहरण घेऊ. २००७ च्या 'चक दे! इंडिया'मधील नायकाची अप्रतिष्ठा पाहून अनेकांस मीररंजन नेगी यांची आठवण झाली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारतावर सात गोल केले व भारताचा एकच झाला. त्या पराभवाचा ठपका गोलरक्षक नेगींवर आला. चित्रपटातल्या नायकाचा अपराध मात्र निराळा आहे. तो पेनल्टी स्ट्रोक चुकवितो. म्हणजे त्याचे पाप गोल होऊ देण्याचे नसून गोल न करण्याचे आहे. पटकथेस तसे करण्याचा पूर्ण अधिकार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बदल कोणत्या दिशेने झाला हे पाहण्यासारखे आहे.

२०१८ चा 'सूरमा' तर संदीप सिंग या प्रत्यक्ष फुलबॅकचे चरित्र. २००६ साली आगगाडीत अपघाताने सुटलेली गोळी लागून तो अंथरुणास खिळला आणि पुढे भारतीय संघात परतला. ही कहाणी हृदयास भिडते यात संशय नाही. तथापि चित्रपट त्याची जी विद्या दाखवितो ती ड्रॅग फ्लिकची, म्हणजे गोल करण्याची. शेतातली पाखरे हाकताना ती त्याच्या हातास सापडते आणि एका दृष्टिक्षेपात जाणत्यांस पटते. फुलबॅकच्या जीवनपटातून फुलबॅकचे काम जवळजवळ वगळले गेले. देणगी क्षणात दाखविता येते. भरवसा क्षणात दाखविता येत नाही, ही खरी अडचण आहे.

'चक दे'चा शेवट गोलरक्षिकेने अडविलेल्या चेंडूवर होतो, मग बचावास न्याय मिळालाच की, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. परंतु तो अडविलेला चेंडूही गोलासारखाच एक दृश्य पराक्रम आहे. सामन्याच्या तेविसाव्या मिनिटास योग्य जागी उभे राहिल्यामुळे जो हल्ला सुरूच झाला नाही, त्याचे चित्र कोणी काढले आहे?

ही उणीव केवळ चित्रपटांची नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातच पावनखिंड आहे. १६६० च्या जुलै महिन्यात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांची पाठ बाजी प्रभूंनी तेथे राखली. मराठी मनाने पूजिलेला याहून थोर बचाव दुसरा नाही, आणि आमच्या शाहिरांनी व कादंबरीकारांनी तो उदंड गायिला आहे. पण त्यांनी गायिले ते बाजींचे मरण. जे बांदल एके काळी महाराजांच्या विरुद्ध पक्षात होते, त्यांच्या पदरचा हा पुरुष. त्याच्या हाती खिंड सोपवावी इतका भरवसा मधल्या वर्षांत कसा उत्पन्न झाला? आमच्या मते खरी कादंबरी त्या वर्षांत आहे, आणि ती वर्षे आम्ही दोनचार वाक्यांत उरकतो. हौतात्म्यावाचून रक्षकाकडे पाहण्याची सवय आमच्या वाङ्मयास नाही.

असे लेखन होऊच शकत नाही, हे मात्र खरे नव्हे. केन ड्रायडन हा मॉन्ट्रियलच्या संघाचा बर्फावरील हॉकीतला गोलरक्षक. त्याचे 'द गेम' हे पुस्तक १९८३ साली निघाले. त्यात विजयाच्या वर्णनांपेक्षा सराव, प्रवास, सहकाऱ्यांचे स्वभाव आणि नुसते वाट पाहणे यांनी अधिक जागा व्यापली आहे. आणि वाचक कंटाळत नाही, कारण रक्षकाचे आयुष्य असेच असते हे त्यास हळूहळू उमगते.

आमच्याकडेही विषय दूर शोधावयास नको. सातारा जिल्ह्यातील अक्षता ढेकळे ही बचावाच्या फळीतली खेळाडू भारतीय संघापर्यंत पोहोचली. २०२२ च्या जुलैत स्पेन व नेदरलँड्स येथे महिलांचा विश्वचषक झाला, त्यासाठी जाहीर झालेल्या यादीत तिचे नाव राखीव खेळाडूंत होते. राखीव! या एका शब्दात केवढी कथा आहे. विश्वास बसला आहे म्हणून नाव आहे; पुरता बसावयाचा आहे म्हणून ते यादीच्या तळाशी आहे. देशासाठी निवडले जाणे आणि देशासाठी थांबून राहणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सोसणाऱ्या तरुण मनाचे चित्र मराठीत कोणी काढावयास नको काय?

आमच्या शेजारच्या कारखान्यात नवा कामगार आला की त्याच्या हाती प्रथम एकदोन मागच देतात. सूत तुटले की माग थांबवून त्याने गाठ मारावयाची. नीट मारलेली गाठ ताग्यात दिसत नाही. चुकलेली तेवढी दिसते. त्याची वाखाणणी कोणी करीत नाही. पण काही महिन्यांनी एके दिवशी मुकादम न बोलता आणखी दोन माग त्याच्याकडे लावतो. त्या न बोलण्याचे मोल ज्या लेखकास कळेल, त्यास बॅकचे पुस्तक लिहिता येईल. त्यासाठी त्याने गोलाचा आणि मरणाचा सोपा आधार सोडून दिवसांची मोजदाद करण्याचा धीर मात्र धरला पाहिजे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही अखेर एवढेच सांगितले, की तसे पुस्तक मराठीत आम्हांस आढळले नाही, आणि हा दोष आमच्या वाङ्मयाचा आहे. तुझ्या जागेचा नव्हे. त्याने मान हलविली आणि सरावाची वेळ झाली म्हणून तो निघून गेला. तो रोज जातो. तो आज खेळला की नाही, हे त्यास विचारण्याचे आम्ही सोडून दिले आहे. मात्र तो गेला की नाही, हे आम्ही पाहत असतो.