उतारवयाची ओवी : दासगणूंचा ‘श्रीगजाननविजय’

महिपतीच्या ‘भक्तविजया’पर्यंत येऊन मराठी समीक्षेची संतचरित्रांविषयीची जिज्ञासा बहुधा थांबते. विसाव्या शतकात रचल्या गेलेल्या पोथ्या श्रद्धेच्या कक्षेत मोडतात, वाङ्मयाच्या नव्हे, अशी एक अलिखित समजूत आहे. ‘श्रीगजाननविजय’ हा ग्रंथ या समजुतीमुळेच समीक्षेच्या बाहेर राहिला. दशमी, एकादशी आणि द्वादशी अशा तीन दिवसांत किंवा गुरुपुष्ययोगावर एका बैठकीत त्याचे पारायण होते. वाचन हाच विधी झाला, की वाचक अर्थापेक्षा फळाकडे पाहतो आणि अभ्यासक संहितेकडे पाहायचे सोडून देतो. तथापि विधी होण्यापूर्वी ही संहिता कोणा एका माणसाने, आयुष्याच्या एका विशिष्ट टप्प्यावर लिहिली होती. त्या टप्प्याचा तिच्या घडणीशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न वाङ्मयीनच आहे.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे ऊर्फ दासगणू यांचा जन्म १८६८ चा. शेगाव येथे ‘श्रीगजाननविजय’ पूर्ण झाला तो शके १८६१ च्या वर्षप्रतिपदेला, म्हणजे मार्च १९३९ मध्ये. त्या वेळी कवीने सत्तरी ओलांडली होती आणि गजानन महाराजांच्या समाधीला (८ सप्टेंबर १९१०) अठ्ठावीस वर्षे उलटून गेली होती. तारुण्यात तमाशासाठी लावण्या रचणारा पोलीस शिपाई, पुढे शिर्डीच्या साईबाबांचा भक्त, नोकरी सोडून कीर्तनाला वाहून घेतलेला आख्यानकार आणि ‘संतकथामृत’, ‘भक्तिलीलामृत’, ‘भक्तिसारामृत’ या चरित्रग्रंथांचा कर्ता असा त्यांचा प्रवास आहे. ‘आधुनिक महिपती’ हे बिरुद त्यांना मिळाले ते याच कामगिरीमुळे. शेगावचा ग्रंथ या प्रवासाच्या उत्तरार्धातला आहे. त्याचे एकवीस अध्याय नवख्या उत्साहातून आलेले नाहीत, मुरलेल्या हाताने ते लिहिले आहेत.

याच काळातील दुसऱ्या एका पोथीशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. ‘श्रीसाईसच्चरित’कार गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनीही आपला ग्रंथ सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यानंतर, उतारवयातच लिहिला. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ग्रंथ पुस्तकरूपाने यायचा होता. परंतु दाभोलकर साक्षीदार आहेत. १९१० पासून त्यांनी साईबाबांना जवळून पाहिले होते, आणि म्हणून त्यांच्या निवेदनात ‘मी’ वारंवार येतो. तो शंका घेतो, वाद घालतो, पश्चात्ताप पावतो. त्यांच्या लेखी म्हातारपण म्हणजे आठवणींचा साठा होय. दासगणूंची स्थिती निराळी आहे. शेगावच्या चरित्रात ते प्रत्यक्षदर्शी म्हणून बोलत नाहीत. दुसऱ्यांनी जपलेल्या आठवणी आणि टिपणे त्यांच्या हाती आली, आणि जे मिळाले त्यात पदरची भर घातली नाही, अशी ग्वाही ते अखेरच्या अध्यायात देतात. उतारवयात परक्याची आठवण स्वीकारून तिला आपली ओवी द्यायची, तर स्वतःच्या आठवणीचा मोह आवरावा लागतो. दासगणूंच्या श्रद्धेचे लेखनातील रूप या आवरण्यात दिसते.

या निवेदनपद्धतीमुळे ग्रंथात चमत्कारांइतकेच वऱ्हाडही भरले आहे. बंकटलाल अगरवालाला देविदास पातुरकराच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचणारा पुरुष दिसतो. जानकीराम सोनार चिलमीला विस्तव नाकारतो. अकोलीच्या भास्कर पाटलाची कोरडी विहीर पाण्याने भरते. मुंडगावच्या पुंडलिकाला प्लेगची गाठ येते. भाऊ कवराची कांदाभाकर गाडी चुकल्यामुळे उशिरा पोहोचते आणि तिच्यासाठी महाराज ताटावर थांबतात. गावे, आडनावे, जाती, व्यवसाय, आगगाडी, रोगाची साथ हा सारा तपशील नोंदवहीच्या निष्ठेने येतो. १९०८ मधील अकोल्याची शिवजयंती आणि टिळकांची शिक्षाही त्यात येते. तिथे मंडालेतील ‘गीतारहस्या’चा संबंध महाराजांच्या प्रसादाशी जोडला जातो. इतिहासाला श्रद्धेच्या चौकटीत बसवण्याचा हा प्रयत्न चिकित्सकाला मान्य होणार नाही. पण विसाव्या शतकातील राजकारण पोथीच्या छंदात कसे आत्मसात केले गेले, याचा तो दुर्मीळ पुरावा आहे.

कवीचे वय सर्वांत अधिक जाणवते ते एकोणिसाव्या अध्यायात. हरी पाटलासह महाराज पंढरपूरला जातात आणि विठ्ठलाकडे देह ठेवण्याची अनुज्ञा मागतात. शेगावच्या कथेला तिचा शेवट पंढरपुरात जाऊन मागावा लागतो, ही गोष्ट साधी नाही. पंढरपूर हे स्वतः दासगणूंच्या भक्तीचे केंद्र. १९६२ मध्ये त्यांचे देहावसानही तिथेच झाले. निरोपाचा हा प्रसंग त्यांना आधीच्या सामग्रीतून मिळाला असेल. मात्र तो ज्या संयमाने मांडला गेला आहे, त्यात सत्तरी पार केलेल्या वारकऱ्याची स्वतःची निरवानिरव ऐकू येते, असे अनुमान करणे अप्रस्तुत ठरणार नाही. मृत्यूविषयी भय नाही, तत्त्वज्ञानाचा पसाराही नाही. ज्याच्या घरी आलो त्याला विचारून निघावे, एवढीच रीत आहे. आत्मपर एक अक्षरही न लिहिता कवीने आपले म्हातारपण इथे दुसऱ्याच्या चरित्रात ठेवून दिले आहे.

या ग्रंथाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. ओवी पुष्कळदा गद्याच्या जवळ जाते. कीर्तनकाराची सवय कथेच्या मध्येच उपदेश करू लागते. चमत्कारांची मालिका एकसुरी होते, आणि समाजातील उतरंडीविषयीचे काही अभिप्राय कवीच्या काळाबरोबर जुने झाले आहेत. हे दोषही वयाशी निगडित आहेत. लेखनाचा हात मुरला, की साचा आयता मिळतो. नवी प्रतिमा शोधण्याची निकड उरत नाही. दासगणूंच्या बाबतीत श्रद्धेने लेखकाचा अहंकार कमी केला, त्याबरोबर लेखकाची अस्वस्थताही कमी केली. दाभोलकरांचा ‘मी’ अडखळतो म्हणून जिवंत वाटतो. दासगणूंचे निवेदन अडखळत नाही, आणि काही ठिकाणी तेच त्याचे उणे आहे.

अखेरच्या अध्यायात दासगणू सर्व अध्यायांचा सारांश क्रमाने देतात. अवतरणिका ही पोथीची जुनी रूढी आहे. ज्याला सगळे वाचणे जमणार नाही, त्याच्यासाठी केलेली ही सोय होय. वाचणाऱ्याचीही शक्ती एक दिवस कमी होते, डोळे थकतात, बैठक मोडते, हे त्या रूढीने गृहीत धरले आहे. पारायण करणाऱ्यांत वृद्धांची संख्या किती मोठी असते हे लक्षात घेतले, तर हा अध्याय पुनरुक्ती म्हणून बाजूला टाकता येत नाही. आस्वादाची कसोटी केवळ एकट्या, सशक्त, मौन वाचकावरून ठरवणाऱ्या समीक्षेला या वाचकाचाही विचार करावा लागेल.