नेमबाजांची साक्ष

एखाद्या वस्तूच्या मालकानें त्या वस्तूविषयीं लिहिलेल्या अनुभवास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं मतभेद होईल. परंतु ज्या लेखनास मोठा वाचकवर्ग आहे, ज्याची ठराविक अशी शैली बनून गेली आहे, व ज्याच्या भरंवशावर माणसें आपल्या गांठचा पैसा खर्च करतात, तें लेखन टीकेच्या कक्षेबाहेर ठेवण्यास आम्हांस कारण दिसत नाहीं. अमेरिकेंत शेतांतील उपद्रवी प्राणी दुरून टिपण्यासाठीं खास रायफली बनवितात. त्या रायफलींविषयीं त्यांच्या मालकांनीं केलेलें विपुल लेखन या जातीचें आहे. १९४७ सालीं त्याचा एक मोठा संग्रह ग्रंथरूपानें निघाला. २००३ नंतर 'सुपर शॉर्ट मॅग्नम' या काडतुसांनीं त्यास नवा बहर आणला. या सर्व लेखनाचा प्रधान विषय एकच : माझी रायफल किती अचूक आहे? त्यास मिळणारीं उत्तरें कितपत ग्राह्य आहेत, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

विषय आपल्या वाचकांस अपरिचित असल्यामुळें प्रथम थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. पूर्वेकडील शेतांत बिळें करून राहणारा 'वुडचक' आणि पश्चिमेकडील गवताळ मैदानांत वसाहती करून राहणारा 'प्रेअरी डॉग' हे या शिकारीचे मुख्य धनी. दुसऱ्याच्या नांवांत कुत्रा असला तरी तो खारीच्या कुळांतला. बिळाच्या तोंडाशीं तो उभा राहिला म्हणजे त्याची रुंदी जेमतेम चार बोटें भरते, आणि त्यावर नेम धरावयाचा तो दोनतीनशें यार्डांवरून. म्हणून येथें गोळीच्या जोरापेक्षां तिच्या अचूकपणास महत्त्व अधिक. सबंध प्रकारास 'व्हार्मिंट' रायफल म्हणतात. हा शब्द उपद्रवी जीव या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश आहे, आणि एकदां तो शिक्का बसला कीं पुढील चौकशी थांबते. वास्तविक काळ्या पायांचा फेरेट नांवाचा दुर्मिळ प्राणी याच प्रेअरी डॉगवर जगतो. तो नष्ट झाला असें समजलें जात असतां १९८१ सालीं वायोमिंग संस्थानांत मीटीट्सी गांवाजवळ पुन्हां आढळला. एकाचा उपद्रव तो दुसऱ्याचा आहार, हा विचार मालकांच्या लेखनांत क्वचितच डोकावतो.

आतां काडतुसाविषयीं. 'मॅग्नम' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मोठें'. तेव्हां 'सुपर शॉर्ट मॅग्नम' म्हणजे 'अतिआखूड मोठें' असा विनोदी समास होतो. कवच आखूड पण जाड करावयाचें व त्यांत भरपूर दारू ठासावयाची, ही त्यामागील कल्पना. विंचेस्टर कंपनीनें २००३ सालीं काढलेलें .२२३ विंचेस्टर सुपर शॉर्ट मॅग्नम ५५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदास सुमारें ३,८५० फूट वेगानें फेंकतें, अशी जाहिरात होती. त्यापूर्वीं बाजारांत रुळलेलें .२२-२५० हें काडतूस तीच गोळी सुमारें ३,६८० फूट वेगानें फेंकीत असे. म्हणजे लाभ शेंकडा पांचाहूनहि कमी. उलट १९३५ सालच्या .२२० स्विफ्टनें ४८ ग्रेनच्या गोळीस ४,१०० फुटांच्या वर वेग दिलाच होता. तेव्हां नव्या काडतुसाची भिस्त वेगाहून अधिक अचूकतेच्या दाव्यावर पडणें स्वाभाविक होतें. जाड व आखूड कवचांतील दारू अधिक सारखी जळते, असें सांगण्यांत येई. आधार दिला जाई तो १९७५ सालच्या ६ एम्. एम्. पी.पी.सी. या काडतुसाचा. पाल्मिसानो आणि पिंडेल या जोडीनें तयार केलेल्या या आखूड काडतुसानें टेबलावर टेकून मारण्याच्या स्पर्धांत खरोखरच राज्य केलें. परंतु त्या स्पर्धांतील रायफली निवडक नळ्यांच्या, कुशल कारागिरांनीं हातानें जुळविलेल्या, आणि गोळ्याहि बहुधा हातानें घडविलेल्या असत. त्या यशांतला आकाराचा वाटा किती व कारागिरीचा किती, हें वेगळें न काढतां सर्व श्रेय कवचाच्या आकारास देणें हा तर्कदोष आहे. आणि मालकांचें बरेंच लेखन याच दोषावर उभें आहे.

या लेखनाची शैली पाहूं. एका बिंदूवर नेम धरून ओळीनें गोळ्या झाडल्या म्हणजे कागदावर छिद्रांचा एक झुबका होतो. अगदीं दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर हें त्या झुबक्याचें माप. शंभर यार्डांवर तें इंचभर आलें तर रायफल चांगली, अर्धा इंच आलें तर उत्कृष्ट. मालक लिहितो कीं त्याची रायफल अर्ध्या इंचांत मारते. आणि लागलीच पुस्ती जोडतो कीं, आपलें काम आपण नीट केलें तर! हें शेवटलें वाक्य या वाङ्मयांत इतक्या वेळां येतें कीं त्यास पालुपदच म्हणावें. वरवर पाहतां तो विनय वाटतो. वस्तुतः ती मोठी सोईची पळवाट आहे. चांगला झुबका आला तर तो रायफलीचा गुण, वाईट आला तर माणसाची चूक, असा निवाडा आधींच करून ठेवला म्हणजे रायफल कधींच हरत नाहीं. जो दावा कोणत्याहि पुराव्यानें खोटा ठरूं शकत नाहीं, त्यास साक्ष म्हणतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट, झुबका किती गोळ्यांचा? बहुधा तीन. येथें गणितशास्त्र कांहीं सांगूं शकतें. रायफल, दारू व हात यांत कांहींहि न बदलतां जो झुबका तीन गोळ्यांनीं सरासरी एक इंच होतो, तोच पांच गोळ्यांनीं सव्वा इंच व दहा गोळ्यांनीं दीड इंचाहून थोडा अधिक होतो. शिवाय तीन गोळ्यांचे झुबके फार लहानमोठे होतात; असे दहा मारले तर त्यांतील सर्वांत लहान झुबका सरासरीच्या निम्म्याहूनहि कमी भरण्याचा बराच संभव असतो. म्हणजे एक इंची रायफलीचा मालक अर्ध्या इंचाचा कागद पाकिटांत बाळगूं शकतो. तो कागद खोटा नाहीं, मालकहि खोटें बोलत नाहीं. पण उरलेल्या नऊ कागदांवांचून तो दहावा कागद फसवा आहे.

चार्ल्स लँडिस यांचा .२२ व्यासाच्या व्हार्मिंट रायफलींवरील १९४७ सालचा ग्रंथ हा या परंपरेचा मोठा भांडारगृह होय. घरगुती कारखान्यांत घडविलेल्या काडतुसांचे अनुभव त्यांत खच्चून भरले आहेत. हौस, उद्योग आणि बारीकसारीक तपशील यांची त्यांत रेलचेल आहे, आणि त्या काळच्या शेतांचें व माणसांचें जिवंत चित्र वाचकापुढें उभें राहतें. परंतु निरनिराळ्या साक्षीदारांस एका मापानें मोजण्याची सोय नसल्यामुळें, ग्रंथ वाचून संपला तरी कोणतें काडतूस श्रेष्ठ याचा निर्णय होत नाहीं.

याच्या अगदीं उलट टोंकास फ्रँकलिन मान यांचा १९०९ सालचा ग्रंथ आहे. मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड गांवचे हे वैद्य. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें कापण्याच्या यंत्राचेहि ते संशोधक. रायफलीची गोळी चुकते कां, या एका प्रश्नामागें त्यांनीं तीन तपें घालविलीं. नेम धरणाऱ्या माणसाचा भाग अजिबात वगळून हा अभ्यास केला आहे, असें ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच त्यांनीं घोषित केलें, आणि तें खरें करून दाखविलें. काँक्रीटच्या भक्कम ओट्यावर नळी बसवून, वाटेंत कागदाचे पडदे लावून, प्रत्येक गोळी कोठें कलली याची त्यांनीं नोंद घेतली. मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्या झाडून, टोंकापेक्षां बुडाचा दोष अधिक घातक असतो हें त्यांनीं सिद्ध केलें. जी चूक उलगडेना तिला त्यांनीं 'एक्स' हें अज्ञाताचें चिन्ह दिलें व शेवटपर्यंत तिचा पाठलाग केला. ग्रंथाची मांडणी विस्कळित आहे, भाषा रुक्ष आहे. पण फसलेले प्रयोग त्यांत यशस्वी प्रयोगांइतक्याच निष्ठेनें छापले आहेत. लँडिस यांचा ग्रंथ अधिक रंजक असतांहि मान यांच्या शब्दावर आपला विश्वास अधिक बसतो, याचें इंगित एवढेंच. टेबलावरील स्पर्धांनींहि पुढें हाच न्याय स्वीकारला : तेथें पांच पांच गोळ्यांच्या पांच झुबक्यांची सरासरी धरतात, आणि वाईट झुबका खिशांत घालतां येत नाहीं.

मग मालकांचें लेखन केराच्या टोपलींत टाकावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मात्र त्यांत कोणता भाग विश्वसनीय, हें ओळखलें पाहिजे. शॉर्ट मॅग्नमचे मालक ज्या तक्रारी नोंदतात त्यांत अनुभवाचा खरा कस आहे : जाड काडतुसें पेटींतून नळींत सहज सरकत नाहींत, कवचाची मान इतकी जाड कीं तें पुन्हां भरणें कष्टाचें होतें, अल्प व्यासाच्या नळींतून एवढी दारू जळूं लागली कीं नळी लवकर तापते व तिचा आरंभींचा भाग झिजतो. प्रेअरी डॉगच्या वसाहतीपाशीं एका दिवसांत शेंकडों गोळ्या झाडणाऱ्यास हें सर्व अर्ध्या इंचाच्या कागदाहून महत्त्वाचें आहे. अशीं वाक्यें लिहून कोणाची प्रतिष्ठा वाढत नाहीं. म्हणूनच तीं मोलाचीं. विंचेस्टरचा न्यू हेवन येथील कारखाना २००६ सालीं बंद झाला आणि या काडतुसांच्या रायफली बाजारांतून जवळ जवळ नाहींशा झाल्या. त्यांचें यशापयश समजून घेऊं इच्छिणाऱ्यास स्तुतीच्या पानांपेक्षां तक्रारींच्या पानांचाच उपयोग अधिक होईल.

हा केवळ हौशी लोकांच्या बढाईचा प्रश्न असता तर त्यास एवढी जागा दिली नसती. तीन गोळ्यांच्या आधारें इंचभर म्हटलेली रायफल दहा गोळ्यांच्या हिशेबानें तीनशें यार्डांवर, वारा नसतांहि, पावणेपांच इंचांचा फेर धरते. आणि समोरचा जीव चार बोटें रुंद आहे. कागदावर चुकलेली गोळी एक छिद्र वाढविते, रानांत चुकलेली गोळी एखादें जनावर लंगडें करून बिळांत पाठविते. ही शिकार करावी कीं न करावी, हा वाद वेगळा; पण जो ती करतो त्यानें आपल्या रायफलीविषयीं स्वतःस तरी खरें सांगितलें पाहिजे. किती गोळ्या, किती झुबके, आणि वाईट झुबक्यांचें काय केलें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्या अनुभवकथनांत आहेत तें अवश्य वाचावें. ज्यांत तीं नाहींत, तें करमणुकीसाठीं वाचण्यास हरकत नाहीं. त्यावर भिस्त ठेवून मात्र कोणीं रायफल घेऊं नये, आणि चापहि ओढूं नये.