तळटीपांतला डेटाबेस

डेटाबेस शिकायला बसले की पहिले उदाहरण ठरलेले असते: विद्यार्थी, विषय आणि गुण. त्यात वाईट काही नाही. पण बडोद्यात राहून हे शिकणाऱ्याने एकदा इथल्या प्राच्यविद्या मंदिराने काढलेल्या वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचे एखादे पान समोर ठेवावे, असे मला मनापासून वाटते. वर श्लोकांच्या मोजक्या ओळी, खाली बारीक टायपात पाठभेदांची दाटी. बहुतेकांची नजर वरच्या भागावर असते. माझे प्रेम खालच्या भागावर आहे.

हे काम १९५१ मध्ये सुरू झाले. गो. ह. भट्ट यांनी संपादित केलेले बालकांड १९६० मध्ये आले आणि उमाकांत शाह यांचे उत्तरकांड १९७५ मध्ये. अयोध्याकांड आणि युद्धकांड आपल्या प. ल. वैद्यांनी सिद्ध केले. पद्धत पुण्याची, म्हणजे भांडारकर संस्थेत वि. सी. सुकथणकरांनी महाभारतासाठी बसवलेली.

आता पान वाचू. तळटीप श्लोकाच्या क्रमांकाने सुरू होते, मग चरणाचे अक्षर, मग पोथ्यांची चिन्हे, मग त्यांतला वेगळा पाठ. डी म्हणजे देवनागरी, टी तेलुगू, जी ग्रंथ लिपी, एम मल्याळम. पुढच्या आकड्याने नेमकी पोथी कळते. ती कुठल्या संग्रहातली, किती जुनी, पूर्ण की खंडित, हे पानावर कुठेही नाही. ते एकदाच, प्रस्तावनेतल्या पोथ्यांच्या वर्णनात. उद्या एखाद्या पोथीच्या काळाबद्दल मत बदलले, तर दुरुस्ती त्या एका जागी करायची. हजारो तळटीपांना हात लावावा लागत नाही. एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्याशी जोडणाऱ्या प्रायमरी की आणि फॉरेन की यांची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे एक चिन्ह नीट पाहावे.

याहून देखणी गोष्ट पुढे आहे. नवशिका पोथ्यांचा तक्ता करतो, श्लोकांचा तक्ता करतो आणि पाठभेद कुठे टाकावा इथे अडतो. श्लोकाच्या तक्त्यात टाकावा, तर दर पोथीला एक कॉलम वाढतो. पोथीच्या तक्त्यात टाकावा, तर दर श्लोकाला. पाठभेद या दोघांपैकी एकाचा नाहीच. तो अमुक पोथी आणि अमुक चरण यांच्या गाठीवर जन्मतो. म्हणून त्याला स्वतःचा तिसरा तक्ता हवा. आवृत्तीची सगळी तळटीप म्हणजे हा तिसरा तक्ता.

छापण्याआधी तो कसा भरला जाई, हे सुकथणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या उपोद्घातात सांगून ठेवले आहे. उभ्या-आडव्या रेघा आखलेला फुलस्केप कागद घ्यायचा, वरच्या ओळीत श्लोक लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ आणि तिचा वेगळा पाठ अक्षराखाली अक्षर येईल असा, त्या-त्या रकान्यात. उजवीकडे चार इंच रुंदीचा शेऱ्याचा रकाना. फार मोठा जादा मजकूर आला, तर तो स्वतंत्र ‘शोधपत्रा’वर लिहून जोडायचा. शेऱ्याचा रकाना हा नवशिक्याचा मोठा मोह. जे कुठे बसत नाही ते तिथे कोंबायचे आणि पुढे शोधताना हैराण व्हायचे. इथे त्या रकान्याला मोजून चार इंच दिले आहेत आणि मोठ्या मजकुराला वेगळी जागा. मी याला डिझाइनमधली शिस्त म्हणतो, आणि ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

एक बारकावा मात्र जपून वाचायला हवा. ज्या पोथीचा उल्लेख नाही, तिचा पाठ वरच्या संहितेसारखाच, असे गृहीत असते. जागा वाचवण्याचा हा उत्तम मार्ग, पण तो टिकतो एका अटीवर: पोथीने श्लोक गाळला असेल किंवा तिचे पानच गहाळ असेल, तर तसे वेगळे सांगितले पाहिजे. या आवृत्तीत ते सांगितलेले असते. श्लोक पोथी लिहिणाऱ्याने लिहिलाच नाही, लिहिलेले पान हरवले, आणि वेगळे काही नाही म्हणून नोंदलेच नाही, या तीन निरनिराळ्या रिकाम्या जागा आहेत. आपण संगणकावर तिघींनाही बेफिकीरपणे ‘नल’, म्हणजे रिकामी नोंद, म्हणून मोकळे होतो. आपला पहिला डेटाबेस बांधताना या एका ठिकाणी वेळ काढावा. ‘स्थिती’ नावाचा एक साधा कॉलम पुरतो.

छापील पानाला एक गोष्ट जमत नाही. ते श्लोकाच्या क्रमानेच वाचावे लागते. एखाद्या मल्याळम पोथीने सबंध कांडात संहितेहून वेगळ्या पाठात कुठे कुठे देवनागरी पोथ्यांची साथ दिली, हे विचारायचे तर सगळी पाने बोटाने चाळायला हवीत. एडगर कॉड या गणितज्ञाचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध जून १९७० मध्ये आला, वैद्यांचे युद्धकांड १९७१ मध्ये. माहिती आत कशी रचली आहे हे ठाऊक नसतानाही विचारणाऱ्याला ती कुठल्याही बाजूने विचारता यावी, हा कॉडचा आग्रह. एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीत एका सर्गापुरते हे तीन तक्ते बांधणे नवशिक्याच्या आवाक्यातले आहे. पाठभेदाचा तक्ता स्वतःशीच जोडायचा, एका बाजूला मल्याळम पोथी, दुसऱ्या बाजूला देवनागरी, आणि चरण व पाठ दोन्हींकडे सारखे असावेत एवढी अट घालायची. चार-पाच ओळींची क्वेरी होते, आणि तोच मजकूर श्लोकाऐवजी पोथीच्या अंगाने वाचता येतो.